मागावरचा सामना

आमच्या घरी सामन्याचा निकाल आधी सांगायचा नाही, असा नियम होता. नैवेद्य दाखवल्याशिवाय जेवायचं नाही, हा नियम बाबांनी दोन-तीनदा तरी मोडलेला मी पाहिला आहे. पण निकालाचा नियम कुणी मोडलेला त्यांना खपत नसे. एकदा दूधवाला दारातूनच ओरडला, "अपनी टीम जीत गयी ना कल, भाऊ!" बाबांनी मागावर बसल्या बसल्या त्याच्याकडे असं काही पाहिलं, की तो बिचारा मापातलं दूध पातेल्यात ओतायचं विसरून तसाच उभा राहिला. त्या दिवशी बाबा संध्याकाळपर्यंत घुश्शात होते. आपला संघ जिंकला म्हणून तोंड पाडून बसलेला दुसरा माणूस मला आयुष्यात भेटलेला नाही, आणि माझं सगळं आयुष्य खेळाच्या मैदानांवर गेलं आहे.

आम्ही नागपुरातल्या तांडापेठेतले विणकर. बाहेरच्या खोलीत खड्ड्याचे दोन माग होते, एक बाबांचा आणि एक वासुदेवकाकांचा. काका सख्खे नव्हते, शेजारचे होते; पण त्यांच्या घरात माग मांडायला जागा नव्हती म्हणून त्यांचा माग आमच्याकडे, आणि मागासोबत काकाही आमच्याकडेच. जमिनीत कमरेइतका खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या, एका हाताने धोटा पळवायचा आणि दुसऱ्या हाताने फणी ओढून धागा ठोकून बसवायचा. खटक-धप, खटक-धप. दोन माग एकाच वेळी चालू लागले की फळीवरची भांडीसुद्धा बारीक आवाजात साथ द्यायची. मी त्याच खोलीच्या कोपऱ्यात रहाटावर कांड्या भरत बसायची, म्हणजे धोट्यात घालायचा धागा छोट्या नळ्यांवर गुंडाळायची. स्वयंपाकघरातून माय काही विचारायची ते ओरडून, मी उत्तर द्यायची तेही ओरडून. आमच्याकडे कुणी पाहुणे आले की त्यांना वाटायचं, या घरात भांडण चालू आहे. आजही माझी सून म्हणते, "आई, फोनवर एवढं मोठ्यानं कशाला बोलता, त्यांना फोनशिवायही ऐकू जाईल." सवय आहे, काय करणार?

बाबा आणि काका दोघंही तरुणपणी कबड्डी खेळलेले. काकांचा एक कान पकडीत चिरडून गेलेला होता आणि तो ते पदकासारखा मिरवायचे. पण सामने भरत दुपारी उन्हं उतरताना, आणि तोच उजेड विणकराला हवा असतो. दिवसाउजेडी माग थांबवणं म्हणजे आमच्याकडे जवळजवळ सुतक. तेव्हा या दोन शौकिनांनी यावर तोड काढली, ती म्हणजे मी. मला शाळेच्या संघातून खेळाच्या बोंद्रेबाईंनी पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं होतं. "तुले धरलं तं हाड मोडन वं बाई," म्हणाल्या. मी होतेच तशी, काडीसारखी. मग मी नुसती रेषेबाहेर बसून बघायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रहाट फिरवत फिरवत बाबांना आणि काकांना अख्खा सामना सांगायची. पहिल्या चढाईपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत, एकही पकड न गाळता, आणि निकाल अगदी शेवटी. कोण डावीकडून शिरली, कुणी घोट्याला हात घातला, कुणाचा दम मध्येच तुटला, पंचाने कुणाची चोरी पकडली नाही, सगळं. मध्ये काकांचे प्रश्न असायचेच. "कोपऱ्यातली काहून नाही हलली गा?" मला मुलगी असूनही काका 'गा'च म्हणायचे, सामन्यापुरतं.

माझे हे पराक्रम बोंद्रेबाईंच्या कानावर गेले. एकदा गल्लीतल्या स्पर्धेत मांडवातल्या माइकवर जो गृहस्थ होता तो मुलींच्या सामन्यात नुसतंच "छान, छान, लाल संघ छान" म्हणत होता, आणि मध्ये मध्ये हरवलेल्या चपलांच्या घोषणा करत होता. बाईंनी त्याला चहाला पाठवलं आणि माइक माझ्या हातात दिला. मी माइकवरही घरच्यासारखीच ओरडले. पहिल्या वाक्याला कर्णा शिटी मारून बंद पडला. तरी लोक हसले आणि मग ऐकू लागले. तेव्हापासून मुलींचे सामने म्हटले की माइक माझ्याकडे यायचा. परवा एका सत्कारात सूत्रसंचालिकेने सांगितलं, की टीव्हीवर खेळाचं मराठीतून धावतं वर्णन करणाऱ्या पहिल्या बाई म्हणजे या. मी खाली बसल्या बसल्या म्हटलं, बाई गं, माझे पहिले श्रोते दोनच होते आणि दोघांचीही पाठ माझ्याकडे असायची.

आमच्याकडे रविवारी मटणाचा रस्सा व्हायचा. हल्ली नागपुरात कोपऱ्याकोपऱ्यावर ज्या नावाने तो विकतात, आणि परगावचे लोक डोळे पुसत पुसत खातात, तो आमच्याकडे साध्या पितळी पातेल्यात शिजायचा, जवसाच्या तेलात, माय पाट्यावर मसाला वाटायची त्यात. एरवी भाकरी, जवसाची चटणी, कधी बेसनाच्या पाटोड्यांचा रस्सा. मायला कबड्डीतलं काही कळत नव्हतं, पण मी सामना सांगताना ती भाकरी थापायची थांबायची हे मी पाहिलेलं आहे. तिला विचारलं तर म्हणायची, "तवा तापाची वाट पाहून राहिली मी."

आणि अशातच मी ते लुगडं बिघडवलं.

गल्लीतल्या शेवंतामावशीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तिच्यासाठी बाबा करवती काठाचं लुगडं विणत होते, काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेलं. मावशी रोज येऊन, चष्मा वर करून, किती झालं ते बघून जायची. नेमका तेव्हाच शहरातल्या शाळांचा अंतिम सामना झाला, आणि तो असा झाला की मैदानावरची कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो सांगायला घेतला. चढाई रंगायला लागली की माझा आवाज चढायचा, आणि माझा आवाज चढला की बाबांचा हात. फणीचा ठोका जोरात बसला की धागे दाट बसतात, हलका बसला की विरळ. इतकी वर्षं थोडाफार फरक पडत असेल, तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. त्या दिवशी मात्र मला चेव आला होता. दुपारी काकांनी सहज लुगडं उजेडासमोर धरलं आणि ते हसायलाच लागले. अंगठ्याने दाखवत बाबांना म्हणाले, "हे पहा गा, इथं सामना सुरू झाला. हे दाट आहे तिथं लोण चढलं. हे विरळ, इथं मध्यंतर. अन् हे पहा, इथं तं तू शेवटच्या चढाईत फणीच मोडत होता!"

खरंच, तसेच पट्टे दिसत होते. कापडावर सामना उमटला होता. मीही हसले, आणि मग बाबांचा चेहरा पाहिला. लग्न सहा दिवसांवर. बाबांनी धागा धागा करून वीतभर, हातभर, दीड हात कापड उसवलं. विणायला जितका वेळ लागतो त्याच्या तिप्पट उसवायला लागतो. तो सगळा वेळ माग गप्प, काका गप्प, मी गप्प. शेवंतामावशी आली तेव्हा बाबा तिच्याकडे न पाहता म्हणाले, "होते, होते, हळदीच्या दिवशी मिळन." आणि ते दिलंही त्यांनी, पण हळदीच्या दिवशी सकाळी, डोळे लाल करून. मग मला म्हणाले, "आजपासून या खोलीत सामना बंद."

मी रडले. चांगली दोन दिवस रडले, काही लपवत नाही. माइकवर बोलायची मजा वेगळी. पण त्या दोन पाठींना सामना सांगायचा नाही म्हणजे मग सामना बघायचा तरी कशाला, असं मला वाटायला लागलं. काकासुद्धा चिडचिडे झाले. ते हळूच विचारायचे, "काल काय झालं वं मैदानावर?" आणि बाबा खाकरले की धोट्याकडे बघू लागायचे. आज ते दोन्ही माग नाहीत. काकांचा मुलगा नागपूरजवळच्या वाडीला गोदामात सुपरवायझर आहे, त्याच्या मुलाला कांडी म्हणजे काय हे मी परवा कागदावर चित्र काढून समजावलं. त्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं विकतात.

तर त्या बंदीच्या दिवसांतच राज्याच्या महिला स्पर्धा नागपुरात भरल्या आणि टीव्हीवाले आले. गाडीभर वायरी, तीन पायांवरचा कॅमेरा आणि टोपी घातलेले एक साठे नावाचे साहेब. तोवर टीव्हीवर खेळाचं वर्णन म्हणजे पुरुषाचा घोगरा आवाज, तोही इंग्रजीत नाही तर हिंदीत. सुरुवातीच्या एका सामन्यात माइक माझ्याकडे होता. सामना संपल्यावर साठेसाहेब आले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तो आवाज तुमचा? मला वाटलं, कुणी चाळिशीतली बाई असेल." मी तेव्हा सतरा-अठराची. मग म्हणाले, "रविवारी अकरा वाजता आमच्या जागेवर या. चित्रफीत लावून देतो, पाच मिनिटं बोलून दाखवा. जमलं तर अंतिम सामन्याला आमच्याबरोबर बसा. आणि घरच्यांना विचारून या."

घरच्यांना विचारलं. बाबा जेवत होते. त्यांनी पूर्ण भाकरी संपवली, ताटात पाणी घेऊन बोटं धुतली, आणि मग म्हणाले, "तुह्यं बोलणं चांगलं आहे. पण ज्यानं दुसऱ्याच्या हातचं काम बिघडते, ते बोलणं काय कामाचं? तिथं शेकडो लोक ऐकतीन. शनिवारी मी मागावर बसतो, तू सामना सांग. वासुदेव कापड पाहीन. खोट नाही निघाली तं रविवारी जाजो. निघाली तं नाही." काका एकदम पंच झाले म्हणून ताठ बसले.

मला आधी आनंद झाला. सोपंच आहे की, सावकाश सांगायचं. मग दुसऱ्या दिवशी कांड्या भरता भरता लक्षात आलं, आणि माझा हातच थांबला. कापड एकसारखं निघालं, तर त्याचा अर्थ माझ्या सांगण्याने बाबांचा हात हलला नाही. म्हणजे मी मिळमिळीत सांगितलं. आणि मिळमिळीत सांगणारीला साठेसाहेब कशाला घेतील? पण रंगवून सांगितलं, तर पट्टे उमटणार आणि साठेसाहेबांपर्यंत मी पोचणारच नाही. चांगलं बोलले तर घरी बसायचं, वाईट बोलले तर टीव्हीवर जायचं. मी हे मायपुढे मांडलं. ती कढईत मिरच्या टाकत होती. दोघींनाही खोकला आला. खोकून झाल्यावर ती म्हणाली, "ठसका लागन म्हणून बिनफोडणीचं वरण करतं का कोनी? तू फोडणी दे वं. ज्याले ठसका लागाचा त्याले लागन."

शनिवारी सकाळी दोन्ही माग सुरू झाले. शुक्रवारचा उपांत्य सामना आमच्या पेठेच्या मुलींचा आणि उमरेडच्या मुलींचा झाला होता. बाबांना आणि काकांना निकाल माहीत नव्हता. दूधवाल्याला मायने फाटकाबाहेरच गाठून तंबी दिली होती. मी रहाटापाशी बसले आणि सुरुवात केली. मायचं म्हणणं कितीही पटलं असलं तरी धाडस होईना. मी बातम्या वाचल्यासारखं सांगत होते. अमुक चढाईला गेली, गुण मिळाला. तमुक गेली, बाद झाली. खटक-धप, खटक-धप, बाबांचा हात घड्याळासारखा. काकांनी जांभई दिली. ती मला मागूनही दिसली, आणि इतका राग आला म्हणून सांगू! काकांचा नव्हे, माझाच. त्या मुली गुडघे फोडून खेळल्या होत्या आणि मी त्यांचा किराणा वाचून दाखवत होते. म्हटलं, खड्ड्यात गेला रविवार.

मग मी सुटले. उमरेडवाल्यांनी आमची एकेक मुलगी कशी उचलली, आमची कर्णधार बाद झाल्यावर रेषेबाहेर जाऊन कशी मनगट दातात धरून बसली, पाच गेल्या, सहा गेल्या, आणि मैदानात एकटी शकू उरली. शकू, पलीकडच्या गल्लीतली, कपड्याला खळ लावायच्या कामावर जाणारी, उंचीने माझ्या खांद्याला. गुण सारखे, वेळेतली शेवटची चढाई. मी ओरडत होते. मागांचा आवाज वाढत होता आणि मी त्याच्यावर जात होते. बाबांच्या मानेच्या शिरा मला मागून दिसत होत्या. मला कळत होतं, की आता बिघडणार, आता या ठोक्याला बिघडणार, पण मला थांबता येत नव्हतं. "शकूनं रेषा ओलांडली! कोपऱ्यातलीनं हात टाकला, शकू वाकली, तिच्या पाठीवरून हात गेला, शकूनं तिच्या गुडघ्याला बोट लावलं, आणि मागून दोघींनी तिचा घोटा धरला!"

हे शेवटचं वाक्य त्या खोलीत असं काही दणाणलं, की मीच दचकले. समोरच्या घरातून कुणीतरी खिडकी उघडून विचारलं, "काय झालं वं? कोन पडलं?" मला कळेना, एवढा मोठा आवाज कुठून आला. मग लक्षात आलं. बाबांचा माग बंद होता. काकांचाही. फळीवरची भांडी गप्प होती. दिवसाउजेडी, चांगलं लख्ख ऊन असताना, बाबा धोटा हातात धरून बसले होते आणि त्यांचे पाय पावड्यांवरून उचललेले होते. या खोलीत सामना सांगताना मी माझा आवाज मागाशिवाय कधी ऐकला नव्हता. तो भांडणाऱ्या बाईसारखा होता. मी गप्प झाले.

बाबा मागे वळले नाहीत. म्हणाले, "काहून थांबली? दम तुटला का तिचा?"

मी आवाज खाली आणला. माझ्या नकळत, आपोआप. म्हटलं, "नाही तुटला, बाबा. पोटावर पडली आहे. कबड्डी कबड्डी चालू आहे, पण अगदी बारीक, पंच खाली वाकून ऐकून राहिले. दोघी तिचा पाय मागं ओढून राहिल्या. तिनं उजवा हात पुढं टाकला. रेषा वीतभर. आता चार बोटं. मातीत नखं रुतवली. आता दोन बोटं." खोलीत माझ्या श्वासाचाही आवाज येत होता. स्वयंपाकघरात भाकरी करपल्याचा वास आला आणि कुणी उठलं नाही. "पोचली," मी म्हणाले. तेवढंच. पुढे मी शेकडो सामने बोलले, मोठमोठ्या स्टेडियमांत बोलले, आणि लोक म्हणतात, तुमचा तो शेवटच्या क्षणाला खाली येणारा आवाज. तो मला कुणी शिकवला नाही. तो मला त्या शनिवारी, बंद मागांच्या खोलीत, जरा घाबरतच सापडला.

काकांनी मांडीवर थाप मारली. बाबांनी पाय पावड्यांवर ठेवले आणि खटक-धप पुन्हा सुरू झालं. करपलेली भाकरी कुणी खायची यावरून माय आणि काका थोडं भांडले. मी कांड्या भरत राहिले, पण सगळ्या सैल भरल्या गेल्या.

चार वाजता काका पंच म्हणून उठले. त्यांनी हात धुतले, चष्मा पुसला, आणि रुळावर गुंडाळलेलं कापड उलगडून दारातल्या उजेडासमोर धरलं. अंगठा वरून खाली नेला. सुरुवातीचं, माझ्या किराण्याचं कापड, साफ होतं. पुढचंही साफ. मग अंगठा थांबला. काका कापड नाकापर्यंत जवळ घेऊन म्हणाले, "एक रेघ आहे गा."

ती मला लांबूनही दिसली. केसाइतकी बारीक, पण आडवी, या काठापासून त्या काठापर्यंत. रविवार गेला, असं मी मनाशी म्हटलं आणि रहाटाकडे तोंड फिरवलं. बाबा खड्ड्यातून वर आले. त्यांनी ती रेघ पाहिली, तिच्यावरून बोट फिरवलं.

"ते खोट नाही," बाबा म्हणाले. "खोट हात चुकला म्हंजे होते. माहा हात नाही चुकला. माग थांबला होता, तिथली आहे ते."

काका तिथेच तर बसलेले होते, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर झालं होतं. पण ते मुद्दाम, पंचाच्या आवाजात म्हणाले, "अन् दिवसाउजेडी माग काहून थांबवला गा?"

बाबांनी कापड पुन्हा रुळावर नीट गुंडाळलं. त्याला बराच वेळ लावला.

"ऐकून राहिलो होतो न गा," ते म्हणाले. आणि मग माझ्याकडे न बघता, "उद्या हळू बोलजो वं. तिथं माग नाही राहत."